पोहता येत नव्हतं, आधार तीन

माझ्या मामाच्या दाराला बेल नाही. बाहेर एक दोरी लोंबते. ती ओढली की आत स्वयंपाकघरात टांगलेला लाल रुमाल हलतो, आणि मामाचं लक्ष असेल तर दार उघडतं. नसेल तर पाहुण्यानं जिन्यात बसून वाट बघायची. त्याच्याकडे गजराचं घड्याळ नाही, शिट्टीचा कुकर नाही, आणि फोन कायम मुका करून घडी घातलेल्या टॉवेलवर निजवलेला असतो, थरथरण्याचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून. ताकही फुंकून पिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हा माणूस ताकाच्या भांड्याला हात लावायच्या आधी चारदा विचार करतो.

घरात त्याला भागूबाई म्हणतात. साठीच्या माणसाला हे नाव शोभत नाही असं मी अनेकदा म्हणून पाहिलं, पण आमच्या घरात एकदा चिकटलेलं नाव माणूस मेल्याशिवाय सुटत नाही. नावाचं कारण असं की अचानक मोठा आवाज झाला की मामा पडतो. नुसता दचकत नाही, पडतो. माझ्या तिसऱ्या वाढदिवसाला कुणीतरी फुगा फोडला आणि मामा सरळ केकवर आडवा झाला. त्या फोटोवर आमचं घर वर्षानुवर्षं हसत आलंय. फोटोत सगळ्यांची तोंडं उघडी, मामाच्या नाकाला क्रीम, आणि त्याचे डोळे उघडे असूनही कुठेच बघत नाहीयेत. ही शेवटची गोष्ट मला फार उशिरा दिसली.

मामा चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. पुढे काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. तिथे एक पाण्याचं चाक फिरत असतं आणि मामा त्यावर काचा घासून फ्रेमच्या आकाराच्या करतो. चाकाचा आवाज असतो, पण तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच असतो, म्हणून त्याला चालतो. काच डोळ्यांसमोर धरायची, कड बोटानं चाचपायची, पुन्हा चाकाला लावायची. बाहेर भित्रा, पण तिथे मी त्याचा हात कधी हललेला पाहिला नाही.

आता हेडमास्तरांविषयी सांगायला हवं. ते हेडमास्तर कधीच नव्हते. जमीन मोजायच्या खात्यात होते. मामाचे थोरले चुलत भाऊ, मामा त्यांना दादा म्हणतो, आणि सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून बाकीचे हेडमास्तर म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या कुळाचं झाड हाती घेतलं. हे झाड इंटरनेटवर आहे. घरातल्या कुणीही त्यात लिहावं, दुरुस्त करावं, फोटो लावावेत. हेडमास्तर येण्याआधी सगळी बजबजपुरी होती. आमची एक पणजी स्वतःच्या मुलीनंतर जन्मली होती, आणि एक आजोबा दोनदा वारले होते, दुसऱ्यांदा जास्त सविस्तर.

हेडमास्तरांनी नियम केला: प्रत्येक ओळीला आधार हवा. दाखला, छापील बातमी, दगडावर कोरलेलं नाव, काहीही, पण हवा. नसेल तर ओळीवर लाल शिक्का पडणार, "निराधार". पहिल्या आठवड्यात अख्खं झाड लाल झालं आणि घराघरांत धावपळ उडाली. आपल्या आजी-आजोबांवर लाल शिक्का कुणाला आवडेल? पण नियमानं झाड सुधारलं हे खरं आहे. पणजी मुलीच्या आधी जन्मू लागली.

मग एके दुपारी दुकानात चोर-अलार्म वाजला. मालकाच्या मुलानं नवीन बसवला होता आणि कसा वाजतो ते बघायला बटण दाबलं. मागच्या खोलीत मामा फ्रेमच्या ट्रेवर कोसळला. या वेळी लवकर उठला नाही. घाबरून त्यांनी त्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथे नेहमीच्या डॉक्टरांच्या जागी एक नवीन डॉक्टरीण बसली होती आणि तिला मामा भागूबाई आहे हे ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं हसण्याऐवजी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली.

संध्याकाळी मामा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी आणि आई राहतो ते घर त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. त्यानं पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसला.

"बाई म्हणाल्या, हे घाबरणं नाहीये. हृदय आहे. ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला त्याला जास्त वेळ लागतो. त्यात कुणी दचकवलं की सगळा ताल बिघडतो. मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलंय, तारीख मिळायला वेळ लागेल."

"तोपर्यंत काय करायचं?"

"दचकायचं नाही म्हणाल्या."

जणू दचकणं माणसाच्या हातात असतं! मी काही बोलणार एवढ्यात तो म्हणाला, "त्यांनी आणखी एक विचारलं. हे घराण्यात असतं म्हणे. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? विशेषतः पोहता पोहता?"

मी झाड उघडलं. मामाचे धाकटे काका, म्हणजे त्याच्या वडिलांचे सर्वांत लहान भाऊ, एकोणिसाव्या वर्षी गेले होते. पानावर लिहिलं होतं: "पोहता येत नसल्याने विहिरीत बुडून मृत्यू. आधार: तीन."

"झालं तर," मी म्हटलं. "त्यांना पोहताच येत नव्हतं. म्हणजे ते नव्हे."

मामानं ती ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाला, "मग मी कुणाच्या पाठीवर बसलो होतो?"

त्यानं मला जे सांगितलं ते त्यानं पाच वर्षांचा असताना एकदा सांगितलं होतं आणि पुन्हा कधीच नाही. गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती, तिच्यात पाणी साठलेलं असायचं. काका त्याला पाठीवर घेऊन पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेले आणि परत आले. मामानं त्यांचे केस मुठीत धरले होते. मग त्याला काठावर ठेवून काका म्हणाले, "बस इथे, एकच फेरी मारून येतो." निम्म्यात गेले आणि थांबले. ओरडले नाहीत, हातपाय मारले नाहीत, काही नाही. दिवा मालवावा तसे. मामा धावत घरी आला, त्यानं सगळं सांगितलं, आणि मोठ्यांनी ठरवलं की पोरगं घाबरलंय, काहीही बरळतंय.

"नंतर मलाही वाटायला लागलं, तसंच असेल," मामा म्हणाला. "एवढे लोक म्हणताहेत. आता तर तीन आधार आहेत."

मी त्याचा हात धरला. गार होता. मला तेव्हा वाटलं की त्याला स्वतःची भीती वाटते आहे. पण त्यानं पान वर सरकवलं. झाडाच्या माथ्यावर हेडमास्तरांनी त्याच आठवड्यात एक फोटो लावला होता: त्यांची नात, तेरा वर्षांची, ओल्या केसांची, पदक दातांत धरलेली. घरात तिला मासोळी म्हणतात. फोटोखाली लिहिलं होतं, पुढच्या रविवारी मोठी स्पर्धा, सर्वांनी यावे.

त्याच रात्री मामानं ओळ बदलली: "उत्तम पोहत असत. खाणीतल्या पाण्यात पोहता पोहता अचानक मृत्यू." सकाळपर्यंत हेडमास्तरांनी जुनी ओळ परत बसवली होती. खाली शेरा: "आधार काय?" मामानं लिहिलं, "मी पाहिलं." उत्तर आलं, "आठवण हा आधार नव्हे. तीन नोंदी विरुद्ध एक आठवण. कृपया झाडात ढवळाढवळ नको." मामानं तिसऱ्यांदा बदलली. या वेळी ओळ राहिली, पण तिच्यावर लाल शिक्का पडला, आणि खाली जुनी ओळ तिच्या तीन आधारांसह ऐटीत उभी. आमच्या घरातले लोक जुन्या ओळीला पसंतीचे अंगठे देऊन गेले. कुणी हसरे चेहरे टाकले. एका चुलत मावशीनं लिहिलं, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला? केला. मासोळीच्या बापाला मी केला, कारण मामाला फोनवर धाप लागत होती. मासोळीचा बाप भला माणूस आहे. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "अगं, स्पर्धेच्या डॉक्टरांनी हे विचारलं होतं. घराण्यात अचानक कुणी गेलंय का म्हणून. मी झाड उघडून दाखवलं त्यांना. त्या धाकट्या काकांना पोहता येत नव्हतं, तीन आधार आहेत. त्यांनी लगेच सही केली. बाबांनी सगळं तपासून लिहिलेलं असतं, तुला माहितीच आहे."

आमच्या त्या झाडाकडे बघून कुणीतरी पोरीला पाण्यात सोडत होतं.

मग मी ते तीन आधार उघडून बघायला बसले. एरवी कुणी बघत नाही. तीन म्हटलं की माणूस समाधानानं पुढे जातो. मामा शेजारी बसला होता. तिन्ही नोंदी वाचून तो म्हणाला, "तिन्हीत विहीर आहे."

"मग?"

"विहीर नव्हती गं. खाण होती. एकानं चुकून विहीर लिहिलं तर समजू शकतो. तिघांनी वेगवेगळी चौकशी केली आणि तिघांची चूक एकच? आमच्याकडे गिऱ्हाईक तीन दुकानांच्या तीन चिठ्ठ्या आणतं, तिन्हीत नंबर एकच, आणि तरी डोकं दुखतं. मग कळतं, दुसऱ्यानं पहिल्यावरून उतरवला, तिसऱ्यानं दुसऱ्यावरून. डोळा एकानंही तपासला नाही."

तसंच निघालं. हेडमास्तरांच्या शाखेनं आधार म्हणून त्या चुलत मावशीच्या शाखेची नोंद लावली होती. मावशीच्या शाखेनं आमची. आणि आमच्या शाखेनं, मी डोळे चोळून पुन्हा बघितलं, हेडमास्तरांची. लाल शिक्क्याच्या त्या आठवड्यात ज्याला जे मिळालं ते त्यानं लावलं होतं. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसा आधार उसना आणला, शिक्का गेला, सगळे सुखी. तिघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते आणि पायाखाली जमीनच नव्हती.

सर्वांत जुनी नोंद आमची होती. ती आईनं केली होती.

आई आत भाजी चिरत होती. मी विचारल्यावर तिनं सुरी थांबवली नाही. "हो, मीच लिहिलं. आजी सांगायची ना."

"आजी काय सांगायची? शब्दाला शब्द सांग."

"काय म्हणजे? मी अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर चढायचे. आजी ओरडायची, उतर खाली, तुझ्या काकाला पोहता येत नव्हतं, असाच विहिरीत गेला तो. रोज सांगायची. मी कुठे पाहिलंय? मी पाळण्यात होते तेव्हा."

सुरी थांबली. आई लहानपणापासून कशाला भ्यायली नाही. तिला खाली उतरवायला आजीनं काढलेला तो बागुलबुवा होता. भाजी तशीच टाकून ती बाहेर आली आणि मामासमोर उभी राहिली. "भाऊ, तू म्हणायचास खाण. मी तुला खोटारडा म्हणायचे." मामा म्हणाला, "जाऊ दे गं." पण आई गेली नाही, तिथेच जमिनीवर बसली. आईला घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घरात सगळ्यांत धीट माणूस जमिनीवर बसलं की मग आपण कुणाकडे बघायचं?

हेडमास्तरांना मी स्वतः फोन केला आणि सगळं ओळीनं सांगितलं. त्यांच्याविषयी खरं बोलायचं तर त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "माझ्या हातून हे व्हायला नको होतं." घटकाभरात जुनी ओळ तिच्या तिन्ही आधारांसह गेली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि नवीन ओळ वाचली: "मृत्यूचे कारण ज्ञात नाही."

मी पुन्हा फोन लावला. "मोठे मामा, असं कसं? मामानं पाहिलंय."

"पाच वर्षांच्या पोरानं. आमचं बिऱ्हाड तेव्हा दुसऱ्या गावी होतं, मला काही ठाऊक नाही, आणि विचारायला मोठं कुणी उरलं नाही. आणि पंचावन्न वर्षांनी सांगतोय. खोटी ओळ मी काढली, पण तिच्या जागी बिनआधाराची कशी घालू? माझाच नियम, आणि माझ्याच भावासाठी मोडू?"

"ओळ राहू दे हो! मासोळीला पाण्यात नका पाठवू. आधी तपासून घ्या."

"हे बघ, ती तीन वर्षं पहाटे उठून पोहते आहे. एक शर्यत राहिलीय. ती झाली की मी स्वतः तिला घेऊन जातो, तुला शब्द देतो. भागूबाईची पट्टी भागूबाईच्या काळजाची आहे गं, आणि ते काळीज कसं आहे ते आपण जन्मभर बघतोय. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका. एका शर्यतीनं काय होतंय?"

मी फोन ठेवला. मामाला सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "काकापण एकच फेरी म्हणाला होता."

रविवारी सकाळी तो माझ्या दारात उभा. कानांत कापूस, त्यावर लोखंड कापणारे कामगार कानांवर घालतात तसली जाड झाकणं. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"कुठे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"दादाला समोर भेटतो. फोनवर मी भागूबाईच वाटतो."

मी त्याला अडवायला हवं होतं. तरणतलावावर शर्यत कशी सुरू होते ते मला माहीत होतं; त्यालाही माहीत होतं. त्याला धरून बसवलं असतं तर तो बसला असता, इतका तो मऊ आहे. पण माझ्या डोळ्यांपुढून तो पदक दातांत धरलेला फोटो हलत नव्हता. एकाची भीती दुसरीच्या भीतीशी तोलायची कशी, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी चप्पल घातली.

तलाव छपराखाली होता. आत शिरताच औषधाचा वास आणि असा गोंगाट की बोललेलं परत अंगावर यायचं. शिट्ट्या, टाळ्या, भोंग्यातून पुकारलेली नावं. प्रत्येक शिट्टीला मामाचे खांदे वर जात होते. तो भिंतीला हात लावून चालत होता आणि मी त्याच्या मागे, त्याच्या मानेकडे बघत. मनात एकच धोशा: आता नको, आता नको. हेडमास्तर पहिल्या रांगेत होते, गळ्यात दुर्बीण. समोर मुली काठावरच्या, उडी मारायच्या ओट्यांवर चढायला लागल्या होत्या. चौथ्या ओट्यावर मासोळी, हात झटकत.

"अरे, तू?" हेडमास्तर म्हणाले. "आणि हे काय घातलंयस? आधी काढ ते, लोक बघताहेत."

मामानं झाकणं काढली. मी "नको" म्हणाले, पण त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. कापूसही काढला. दादा काय बोलतात ते त्याला ऐकायचं होतं. आयुष्यभर त्यानं त्यांचं ऐकलंच होतं.

"दादा," तो म्हणाला, "मी जन्मभर घाबरत आलो. पण कशाला घाबरतो ते मला आत्ता कळलंय. तिला उतरव खाली."

हेडमास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सुटायचा भोंगा वाजला.

मुली पाण्यात गेल्या आणि मामा जमिनीवर. दोन्ही एकदम. मी त्याचा चष्मा उचलला. का ते विचारू नका, काच फुटू नये एवढंच तेव्हा सुचलं. त्याचे डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. एका प्रशिक्षकानं मला बाजूला ढकललं, मामाच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबायला लागला. दुसरा हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र असतं त्या भिंतीवरच्या पेटीकडे धावला. हेडमास्तर उभे होते. त्यांनी मामाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

ते धावले. सत्तरीला टेकलेला माणूस ओल्या फरशीवरून काठाकाठानं धावत सुटला, मासोळीच्या बरोबरीनं, घसा फोडून ओरडत. "बाहेर ये! अगं, बाहेर ये!" लोकांना वाटलं, आजोबा नातीला जोर देताहेत. लोकही ओरडायला लागले. मासोळीनं श्वासासाठी मान वळवली, आजोबांना धावताना पाहिलं, आणि वेग वाढवला. ते जितके ओरडत तितकी ती जोरात पोहत होती. इकडे पेटीतलं यंत्र बाईच्या आवाजात शांतपणे सांगत होतं, कुणीही हात लावू नका. मामाचं अंग एकदा उडालं. मी यंत्राकडे बघत होते, पाण्याकडे बघत होते, आणि मला दोन्ही बघवत नव्हतं.

मामा खोकला. मासोळी पहिली आली.

तिला आजोबांनी काठावरून दंडाला धरून ओढूनच काढलं. ती हसत होती. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला.

मामाच्या गळ्याजवळच्या हाडाखाली आता ताल बिघडला की झटका देऊन सावरणारं एक छोटं यंत्र बसवलंय. मोठ्या दवाखान्यात सगळ्यांच्या पट्ट्या काढल्या. आईची चांगली आली, माझी चांगली आली. हेडमास्तरांमध्ये तो दोष निघाला. एवढ्या वर्षांत कधी चक्करसुद्धा न आलेल्या माणसात. त्यांच्या मुलात निघाला. मासोळीत निघाला. तिला गोळ्या सुरू झाल्या आणि पाणी बंद झालं. झाडावर धाकट्या काकांच्या पानावर आता लिहिलंय, "खाणीतल्या पाण्यात पोहता पोहता अचानक मृत्यू. आधार: पुतण्याने स्वतः पाहिले." लाल शिक्का नाही. भागूबाई हे नावही कुणी काढत नाही, पण त्याऐवजी काय म्हणावं ते न सुचल्यानं लोक मामाशी जरा कमीच बोलतात.

मासोळी तर मुळीच बोलत नव्हती. तिनं पदकं खोक्यात भरून पलंगाखाली ढकलली आणि मामाला निरोप पाठवला, तुमच्यामुळे माझं सगळं गेलं. निरोप ऐकून मामा म्हणाला, "बरोबर आहे तिचं." मला राग आला. पोरगी जिवंत आहे ती कुणामुळे? पण मामाला असलं काही म्हणता येत नाही.

मग एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले, तर मागच्या खोलीच्या दारात मासोळी उभी होती. शाळेच्या कपड्यांत, एकटी. मामा चाकावर काच घासत होता आणि ती त्याच्याकडे नाही, चाकावरून उडणाऱ्या पाण्याकडे बघत होती. मी मागेच थांबले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही पडता तेव्हा काय होतं?"

मामा विचार करून म्हणाला, "आधी आवाज जातो. मग उजेड. दुखत नाही. परत आलं की कळतं, आपण नव्हतो."

तिनं मान हलवली. "मला दोनदा झालंय तसं. सरावात. वळताना. मग पाण्यावरची दोरी हाताला लागली आणि मी धरली."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"शर्यतीतून काढलं असतं ना."

मामानं काच चाकावरून उचलली. मी पुढे झाले. मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं, "त्या दिवशी?"

"शेवटच्या फेरीत," मासोळी म्हणाली. "आजोबा ओरडत होते ते ऐकू येत होतं. मग येईनासं झालं. मला वाटलं, दमले असतील. मग परत यायला लागलं." तिनं दाराची चौकट धरली. "मला झोपच येत नाही. मला खूप भीती वाटते हो."

"मलापण," मामा म्हणाला.

त्यानं चाक बंद केलं. हात फडक्याला पुसले, स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. पुढे काउंटरवरून कुणीतरी विचारत होतं, माझा चष्मा झाला का. मामानं ऐकलं असावं, पण तो उठला नाही.